मगर घेऊन शाळेत जाणारी मुलगी

सोळाव्या वर्षी मुली वर्गात काय काय लपवून नेतात? चिठ्ठ्या, चिंचा, कादंबऱ्या. जोन प्रॉक्टरने मगर नेली. लहानशी होती, पण जिवंत होती आणि जोनच्या स्वतःच्या मालकीची होती. लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये त्या दिवशी केवढी तारांबळ उडाली असेल!

हीच मुलगी पुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळू लागली. मग लंडन झूची सरीसृपांची क्युरेटर झाली, कोमोडो ड्रॅगनला हाक मारून जेवायला बोलावू लागली आणि सापसरड्यांसाठी एक अख्खी इमारत तिने मनासारखी बांधून घेतली. हे सगळं उण्यापुऱ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात, तेही दुखणं सतत सोबतीला असताना. जोनबद्दल वाचायला लागलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. लोक ज्या प्राण्यांना 'जात' म्हणून ओळखत, त्यांच्यातल्या एकेकाला ती ओळखत होती.

जेवणाच्या टेबलावर सरडा

जन्म ५ ऑगस्ट १८९७, लंडन. वडील शेअर दलाल, आई चित्रकार, आजोबांना बागेचा आणि दगडधोंड्यांचा नाद. दहाव्या वर्षी जोनने साप आणि सरडे पाळायला घेतले होते. त्यातला लाडका होता डाल्मेशियाचा, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्याकडचा एक मोठा सरडा. तो तिच्याबरोबर सगळीकडे जायचा आणि जेवताना तिच्या शेजारी बसायचा. अशा मुलीला 'शी, टाक ते बाहेर' असं न म्हणणाऱ्या त्या घराचं मला फार कौतुक वाटतं. थोरली बहीण क्रिस्टाबेल वनस्पतींकडे वळली आणि पुढे केंब्रिजच्या गर्टन कॉलेजची बाग तिच्या ताब्यात आली.

जोनलाही केंब्रिजला शिकायचं होतं. पण आतड्याच्या जुनाट दुखण्याने तिला लहानपणापासून घेरलं होतं आणि तो बेत सोडून द्यावा लागला. पदवीचा रस्ता असा बंद झाला.

मग म्युझियमचा रस्ता उघडला. शाळेत असतानाच ती सरड्यांबद्दलचे प्रश्न घेऊन साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये जायची, थेट जॉर्ज आल्बर्ट बूलाँजे यांच्याकडे. हा माणूस म्हणजे त्या काळातला सरीसृपांचा चालताबोलता कोश. दोन हजारांहून अधिक प्राण्यांना त्यांनी शास्त्रीय नावं दिली. भारतातल्या सरीसृपांवरचं आणि बेडकांवरचं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतलं १८९०चं पुस्तकही त्यांचंच. सह्याद्रीतल्या साप-सरड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आजही त्या पुस्तकाकडे वळावं लागतं. १९१६ मध्ये त्यांनी जोनला मदतनीस म्हणून बोलावलं. सुरुवातीला काम बिनपगारी होतं. जोनला तेवढं पुरे होतं.

खवले मोजता येतात का?

म्युझियममधला सरीसृपतज्ज्ञ दिवसभर नेमकं काय करतो? मोजतो. स्पिरिटच्या बाटलीतून साप बाहेर काढायचा, अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा किती ते मोजायचं, मग पोटावरचे रुंद खवले, मग शेपटीखालचे. डोक्यावरच्या प्रत्येक मोठ्या खवल्याला स्वतःचं नाव असतं. वरच्या ओठावर खवले किती आणि त्यातले कितवे डोळ्याला टेकतात, हेही लिहून ठेवायचं. रंग स्पिरिटमध्ये उडून जातो, आकडे टिकतात. एकाच जातीचे शंभर साप मोजले की कळतं, वेगळेपण खरंच जातीचं आहे की नुसतं गावोगावचं.

जोनने पहिल्यांदा हात घातला तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पिट वायपरना. आपल्याकडचा चापडा याच कुळातला. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्याने समोरच्या प्राण्याची ऊब ओळखणारे हे विषारी साप. त्यांच्यातले फेरफार मांडणारा निबंध तिने झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडनपुढे वाचला तेव्हा ती फक्त १९ वर्षांची होती. १९१७ मध्येच सोसायटीने तिला फेलो करून घेतलं.

१९२० मध्ये बूलाँजे निवृत्त झाले आणि बेल्जियमला परत गेले. आयुष्यभर साप, बेडूक आणि मासे मोजलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर काय अभ्यासलं असेल? गुलाब! आणि इकडे बाटल्यांनी भरलेला तो सगळा विभाग पडला विशीतल्या जोनच्या अंगावर. निबंध तर तिने लिहिलेच. शिवाय आईकडून आलेला चित्रकलेचा हात वापरून म्युझियमच्या दालनांसाठी प्राण्यांच्या हुबेहूब प्रतिकृतीही केल्या. १९२३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका खडकाळ प्रदेशातल्या सरड्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन तिने प्रसिद्ध केलं. तो आज सिटेनोफोरस फिऑनाय या नावाने ओळखला जातो.

थालीपीठासारखं कासव

आता तिच्या आवडत्या कोड्याकडे येऊ, कारण कोडंच तसं भारी आहे.

पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानिया-केनियात, खडकाळ टेकड्यांवर एक कासव राहतं. कासव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घुमट येतो. हे मात्र थालीपीठासारखं चपटं. लांबी साधारण वीतभर, उंची जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. इंग्रजीत याला पॅनकेक टॉर्टॉइज म्हणतात. बोटाने दाबलं तर कवच चक्क दबतं, कारण आतल्या हाडांमध्ये मोठमोठ्या फटी राहिलेल्या असतात. धोका दिसला की बाकीची कासवं डोकं आत ओढून गप्प बसतात. हे पळतं! खडक चढतं आणि जवळच्या भेगेत शिरून असं घट्ट बसतं की ओढून काढणाऱ्याने हात टेकावेत.

आर्थर लव्हरिज या निसर्गअभ्यासकाने टांगानिकातून, म्हणजे आजच्या टांझानियातून, अशी कासवं पाठवली. एवढं विचित्र कवच बघून कोणालाही वाटावं, की याला हाडांचा काही रोग झाला असणार. जोनने पिल्लांचे आणि मोठ्यांचे सांगाडे शेजारी शेजारी ठेवले, जिवंत कासवं जवळ बाळगून त्यांच्या सवयी पाहिल्या आणि १९२२ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. निष्कर्ष असा, की हा रोग नाही, ही या कासवाची घडणच आहे. पिल्लांत कवचाची हाडं पूर्ण सांधलेली नसतात. या जातीत ती मोठेपणीही तशीच विरळ राहतात, आणि म्हणूनच ते भेगेत शिरू शकतं. तेव्हा असंही मानलं जाई, की भेगेत गेलं की हे कासव अंग फुगवून अडकून बसतं. पुढे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ते खोडून काढलं. खरा जोर पायांचा असतो.

लव्हरिजने याच कासवांपैकी एकाला 'टेस्टुडो प्रॉक्टेरी' असं जोनचं नावही देऊन टाकलं. नंतर लक्षात आलं की ती जात वेगळी नव्हतीच, त्यामुळे ते नाव गळालं. पण टांझानियाच्या उलुगुरू डोंगरांतला एक साप आजही 'बुहोमा प्रॉक्टेरी' आहे.

हे कासव एका वेळी साधारण एकच अंडं घालतं. म्हणजे पाळण्यासाठी म्हणून पकडून विकलं गेलेलं प्रत्येक कासव भरून निघायला किती वर्षं लागत असतील, विचार करा. २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या साइट्स कराराच्या जिनिव्हा परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं. म्हणजे जंगलातून पकडून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. त्याच परिषदेत त्याच परिशिष्टात आणखी एक कासव गेलं, आपलं स्टार कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं हे कासव आपल्याकडे 'घरात असलं की पैसा टिकतो' म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं जातं. ते पकडणं, विकणं आणि पाळणं आपल्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

नोकरी मिळाली, मत नव्हतं

१९२३ मध्ये लंडन झूच्या सरीसृप विभागाची जागा रिकामी झाली. तिथले आधीचे क्युरेटर म्हणजे जोनच्या गुरूंचे चिरंजीव, एडवर्ड बूलाँजे. ते नव्या मत्स्यालयाकडे गेले आणि त्यांच्या जागी जोन आली. या पदावर बाई येण्याची ही पहिलीच वेळ. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. तरुण बाई, तीही अजगर-मगरींच्या घरात! त्या वेळी ब्रिटनमध्ये तिशीच्या आतल्या स्त्रीला संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क नव्हता. म्हणजे नाग, अजगर, मगरी हिच्या हवाली करायला देशाची हरकत नव्हती, मतपत्रिका मात्र हाती द्यायची नव्हती.

तसं पाहिलं तर हे घर मानाचं होतं. प्राणिसंग्रहालयात सरीसृपांसाठी जगातली पहिली स्वतंत्र इमारत १८४९ मध्ये लंडनलाच उभी राहिली. आणि १८५२ मध्ये तिथल्याच एका रखवालदाराने दारूच्या अमलात नाग हाताळला, तो चावला आणि त्याचा जीव गेला. जोनला हाताळणीचं गांभीर्य पक्कं ठाऊक होतं. मोठे अजगर आणि मगरी ती स्वतः हाताळायची आणि आजारी प्राण्यांवर स्वतः उपचार करायची. आल्या आल्या तिने मत्स्यालयाच्या टाक्यांमधले खडक आणि देखावे रचून दिले. १९२४ मध्ये मत्स्यालय उघडलं आणि तिथली मांडणी बघून तिच्यावरचा भरवसा वाढला.

ऊन कोणी निवडायचं?

मग तिने सरीसृपांसाठी नवं घर मागितलं आणि त्याचा आराखडा स्वतः तयार केला. वास्तुविशारद होते एडवर्ड गाय डॉबर. १९२७ मध्ये लंडन झूचं नवं रेप्टाइल हाउस उघडलं. या इमारतीच्या पोटात काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे.

साप-सरडे अंगातली ऊब स्वतः फारशी तयार करत नाहीत, बाहेरून घेतात. सकाळी उन्हात येतात, अंग तापलं की सावलीत सरकतात, जेवण झालं की पचवण्यासाठी पुन्हा उन्हात. थंडीत राहिलेल्या अजगराच्या पोटात भक्ष्य पचण्याऐवजी सडू शकतं. त्यामुळे अख्खी खोली सारखीच तापवून ठेवली तरी काम भागत नाही. फार गरम झालं तर त्याने जायचं कुठे? जोनने विजेच्या साहाय्याने एकाच पिंजऱ्यात कुठे ऊबदार, कुठे थंड अशा जागा ठेवल्या. किती ऊन घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. आज घरात बिबट्या गेको जातीची पाल पाळणारा शाळकरी मुलगाही 'गरम कोपरा, गार कोपरा' एवढं शिकलेला असतो. तेव्हा एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे करणं ही मोठीच झेप होती.

दुसरी गोष्ट काचेची. साध्या काचेतून उजेड येतो, पण सूर्याचे उपयोगी अतिनील किरण अडतात. ते नसतील तर अनेक सरड्या-कासवांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम मुरत नाही आणि हाडं मऊ पडतात. त्या काळात 'व्हिटा ग्लास' नावाची नवी काच आली होती, हे किरण आत सोडणारी. जोनने ती बसवून घेतली.

तिसरी गोष्ट तुमच्या-आमच्यासाठी. माणसांनी चालायची जागा अंधारी आणि पिंजरे आतून उजळलेले. काचेवर आपलंच प्रतिबिंब नाचत नाही, प्राणी स्वच्छ दिसतो. मागे त्याच्या मुलखाचा रंगवलेला देखावा, पुढे खडक आणि फांद्या. मला या सगळ्यातला पहिला विचार सर्वांत मोठा वाटतो. कोंडलेल्या प्राण्याला निवड करता यावी, हे त्या काळात तिला सुचलं आणि तिने ते विटा-तारांमध्ये उतरवून दाखवलं. संवर्धनाच्या मोठ्या योजना तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हत्या. आणलेला प्राणी चार महिन्यांत न मरता जगावा, यासाठी ती झटत होती आणि त्यासाठी त्याचं जगणं मुळापासून समजून घेत होती.

सुम्बावा, ये!

नव्या घरातले खरे तारे होते दोन कोमोडो ड्रॅगन. हा प्राणी पाश्चात्त्य शास्त्राला कळून तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. १९१२ मध्ये जावातल्या बोगोरच्या झूऑलॉजिकल म्युझियमचे संचालक पीटर ओवेन्स यांनी एका डच अधिकाऱ्याने पाठवलेल्या कातडी आणि फोटोवरून त्याची पहिली माहिती छापली. लांबी तीन मीटरपर्यंत, जगातला सर्वांत मोठा सरडा. तो ज्या व्हॅरॅनस गटातला, त्याच गटातली आपली घोरपड. युरोपात जिवंत दाखवले गेलेले पहिले कोमोडो हे जोनकडचे. त्यांची नावं सुम्बा आणि सुम्बावा. ही दोन्ही इंडोनेशियातल्या बेटांची नावं, पण त्या दोन्ही बेटांवर कोमोडो सापडत नाहीत!

कोमोडो बहिरा असतो, असा तेव्हा समज होता. जंगलात त्याच्यासमोर कुजबुजलं, ओरडलं तरी तो ढिम्म हलत नाही, हे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं. जोनने आपल्याकडच्या कोमोडोला असं शिकवलं, की ती दिसत नसतानाही नुसत्या तिच्या हाकेवर तो खायला बाहेर यायचा. बहिरेपणाचा मुद्दा तिथेच ढिला पडला. ऐकू येत होतं, ओरडणाऱ्या परक्या माणसाला उत्तर द्यायची त्याला गरज वाटत नव्हती, असं म्हणू या.

२३ ऑक्टोबर १९२८ला झूऑलॉजिकल सोसायटीची शास्त्रीय सभा होती. जोन सुम्बावाला घेऊन तिथे गेली. मान्यवर शास्त्रज्ञांच्या मधून तो फिरला, तिच्या हातून खाल्लं, अंगावरून हात फिरवून घेतला. नरभक्षक राक्षस म्हणून ज्याच्या बातम्या छापल्या जात, त्या प्राण्याची ही ओळख तिने रीतसर निबंधातही मांडली. पुढे झूच्या बागेत फेरफटका मारतानाही तो तिच्याबरोबर असायचा. शेपटीला हात लावून ती त्याला वळवायची.

घोरपडीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. पूजेच्या काही दुकानांत आणि ऑनलाइनही 'हातजोडी' नावाची मुळी विकली जाते, धनलाभ व्हावा म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला. ती कुठल्याही झाडाची मुळी नाही. नर घोरपडीचं कापून वाळवलेलं जननेंद्रिय असतं ते. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. कोणी हातजोडी दाखवली तर हात जोडून परत पाठवू नका. वनविभागाला कळवा.

दुखणं आणि डॉक्टरेट

या सगळ्या काळात जोनच्या पोटातलं दुखणं तिला सोडत नव्हतं. शस्त्रक्रिया झाल्या, वेदना राहिल्या. चालणं जड झालं तेव्हा ती विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून झूमध्ये फिरून पिंजरे तपासायची. १९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. केंब्रिजला जाता न आलेल्या बाईला हे उशिरा का होईना मिळालं. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ती गेली. तिचा अर्धपुतळा रेप्टाइल हाउसमध्ये बसवला गेला. मुलांसाठी तिच्यावर पॅट्रिशिया व्हाल्डेझ यांनी लिहिलेलं 'जोन प्रॉक्टर, ड्रॅगन डॉक्टर' हे छान चित्रमय पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्याचं मराठी कोणी करेल का?

आणि त्यानंतर

तुम्ही तिचं रेप्टाइल हाउस पाहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. 'हॅरी पॉटर'च्या पहिल्या चित्रपटात हॅरी काचेपलीकडच्या अजगराशी बोलतो, तो प्रसंग याच इमारतीत चित्रित झाला. २०२४ मध्ये झूने सरीसृप आणि उभयचरांना नव्या घरात हलवलं. जुनी वास्तू वारसा यादीत आहे.

लंडन झूमध्येच २००५च्या अखेरीस सुंगाई नावाच्या कोमोडो मादीने अंडी घातली. दोन वर्षांहून अधिक काळ ती नराच्या जवळपासही नव्हती. पिल्लं निघाली आणि जनुकीय तपासणीत दिसलं, की त्यांना बापच नाही! चेस्टर झूमधल्या फ्लोराचीही तीच कथा. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. अशी पिल्लं सगळी नरच असतात. म्हणजे एकटी मादी पोहत एखाद्या बेटावर लागली, तरी तिथे नवी वसाहत सुरू होण्याची एक वाट तिच्याकडे असते.

वाटा मात्र कमी होत चालल्या आहेत. जंगलातल्या प्रौढ कोमोडोंची संख्या सुमारे १,४०० आहे आणि समुद्राची पातळी वाढल्यावर त्यांची किनाऱ्यालगतची जागा आक्रसणार म्हणून २०२१ मध्ये त्यांना 'संकटग्रस्त' ठरवण्यात आलं.

२०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी आणखी एक चमत्कार दाखवला. कोमोडोच्या दातांच्या कडांवर लोखंडाचा नारिंगी थर असतो, दातांची धार टिकवणारा. म्युझियममधल्या कवट्या आणि दात त्यासाठी तपासले गेले, लंडन झूमध्ये आयुष्य काढलेल्या एका कोमोडोचे दातही त्यांत होते. शोधनिबंधाच्या लेखकांत एक नाव बेंजामिन टॅप्ली यांचं आहे. तेव्हाचा हुद्दा, लंडन झूचे सरीसृप आणि उभयचरांचे क्युरेटर.